बाळाच्या डोळ्यांपासून मला लांब ठेवा

मी नाशिकच्या तांबट आळीत घडलेली पितळेची काजळडबी. जुनी आहे, पण मला भंगार म्हणायचं नाही. मित्रांनो, एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ लोण्यात खलून माझ्यात भरत. धोंडाबाईंच्या घरी पाचवीला बाळाच्या डोळ्यांत माझंच काजळ पडे. बोटही एकच, धोंडाबाईंचं. पाच लेकरांचे डोळे त्याच बोटानं भरले. शेजारणीही मला मागून नेत. मी फुशारून जाई.

सन चौतीस साली त्यांच्या सुनेला, चिमणाबाईला, मुलगी झाली. आठव्या दिवशी बाळाचे डोळे सुजले, पापण्या पुवानं चिकटल्या. धोंडाबाईंनी आणखी काजळ घातलं. डोळे उघडेनातच. पोरगी आंधळी होते की काय, या धास्तीनं घरात संशय शिरला.

"सुईणीचे हातच घाण," धोंडाबाई म्हणाल्या.

सखुबाई सुईण कसली ऐकते! "माझ्या हाताला नावं ठेवू नका. तुमची सून पहिल्यापासून ओटीपोट धरून बसते, तिला विचारा."

चिमणाबाई पदरानं बाळाच्या पापण्या टिपत राहिली. मला तिघींचाही संशय होता. माझा मात्र कुणाला नव्हता, म्हणून मी निवांत होते.

दवाखान्यातली नर्स सलिमाबाई आली. तिनं आधी मलाच उघडून पाहिलं.

"यात कुणाकुणाची बोटं गेलीत?"

"घरचीच. दारोदार फिरणारी नव्हेत," धोंडाबाईंनी टोमणा मारला.

सलिमाबाईनं डोळे धुऊन औषध घातलं. मग म्हणाली, "काजळानं दुखणं वाढलं, पण ते आणलं नाही काजळानं. हा रोग आईच्या अंगात गपचूप राहतो. पोट दुखतं, पुढं दिवस राहणंही अवघड होतं. बाळंत होताना बाळाच्या डोळ्यांत उतरतो. आईला कुठून झाला, ते बापाला विचारा."

"माझा मोतीराम मनमाडला रेल्वेत आहे. महिन्यातून दोनदाच घरी येतो."

"आणि बाकीचे दिवस?"

धोंडाबाईंनी माझं झाकण लावलं आणि मला फळीवर मागं सारलं.

रविवारी मोतीराम आला. ताट वाढून धोंडाबाईंनी, जणू सगळं ठाऊकच आहे अशा थाटात, सहज विचारलं, "मनमाडला कुठल्या वैद्याकडे जात होतास रे?"

"ते आता बरं झालंय, आई," तो बोलून गेला, आणि त्याचा घास हातातच राहिला.

"हात धू. तुला अन् चिमणाला, दोघांनाही दवाखान्यात जायचंय. तिला कुणी बोल लावला तर माझ्याशी गाठ आहे."

तिसऱ्या आठवड्यात पोरीनं डोळे उघडले. उजव्यात अंधुकसा डाग राहिला. धोंडाबाईंनी माझ्यातलं काजळ खरवडून चुलीत टाकलं.

मित्रांनो, हवं तर मला चिंचेनं घासून फळीवर मिरवा. पण बाळाचे डोळे चिकटले तर सुनेकडे बोट दाखवू नका आणि माझ्यात बोट बुडवू नका. बाळाला, आईला आणि बापाला, तिघांनाही दवाखान्यात न्या. बाप नको म्हणाला, तर त्यालाच आधी न्या.