तीन हजारांचे कान

"कोणी विश्वास ठेवणार नाही," दौलत परब म्हणाला, "पण काल ह्या कानांनी मी माशी पाय पुसताना ऐकली."

तालमीच्या खोलीत कोणी मान वर केली नाही. स्वप्नीलबुवा पेटीचा भाता सैल करत होता. राजाराम तावडे पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक थापत होता. लालबागच्या त्या चाळीत दौलतच्या गोष्टी ऐकून ऐकून लोकांच्या माना एका ठरावीक बढाईलाच वर व्हायच्या, आणि माशी काही त्या मापाची नव्हती. गिरणीत असताना त्याच्या मागावरून सुटलेल्या धोट्याने म्हणे एका फेरीत तीन जॉबरांच्या, म्हणजे मुकादमांच्या, टोप्या उडवल्या होत्या आणि परत येऊन तो जागेवर बसला होता. त्यापुढे माशी म्हणजे किरकोळच.

"माशी पाय पुसते?" स्वप्नीलबुवाने नुसतं बोलायचं म्हणून विचारलं.

"हात पण धुते. पण तो आवाज बारीक. त्याला पाच हजारांचा हेडफोन लागतो. आपला तीनच्या आतला."

तो त्याच्या गळ्यात होता. काळा, बिनदिखाऊ, आमटीच्या वाटीएवढ्या दोन गाद्यांचा. उंबऱ्यावर वाल सोलत बसलेल्या जाईबाईने नवऱ्याकडे एकदा पाहिलं. नवीन दागिना घातलेल्या नवरीसारखा तो मान ताठ ठेवून बसला होता. तिने पुढचा वाल उचलला.

ही खरेदी मुळात दौलतच्या मनातली नव्हतीच. ती त्याच्या नातीची, अक्षताची. अक्षता घरूनच नोकरी करायची, म्हणजे बारा बाय दहाच्या खोलीत पलंगावर लॅपटॉप मांडून दिवसभर परगावच्या लोकांशी इंग्रजीत बोलायची. तिच्यापासून चार हातांवर आजोबांचा टीव्ही.

"आजोबा, परवा तुमच्या मालिकेतली सासू किंचाळली ना, तर माझा बॉस सगळ्यांसमोर विचारतो, अक्षता, घरी सगळं ठीक आहे ना? मी काय सांगू त्याला? सून विष घालतेय म्हणून?"

"टीव्हीचा स्पीकर गेलाय गं त्या."

"हा तिसरा टीव्ही आहे आजोबा."

टीव्हीचा स्पीकर गेला नव्हता. दौलतच्या कानांतलं वरच्या पट्टीतलं सगळं केव्हाच गेलं होतं. ते गेलं लूमखात्यात. शेकडो माग एकदम खडखडायला लागले की तिथे शेजाऱ्याच्या कानात ओरडूनही उपयोग नसायचा. मग ओठ पाहून आणि बोटं नाचवून सगळा कारभार चालायचा. चहा आला, साहेब आला, तुझं सूत तुटलं, तुझ्या बायकोला मुलगी झाली, सगळं बोटांवर. गिरण्या गेल्या, बोटं राहिली, आणि कान गिरणीबरोबरच गेले. चिमण्या, कुकरची शिट्टी, पैंजण हे आवाज त्याच्यापुरते जगातून उठले होते. पण हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण भजनी मंडळात तो झांज वाजवायचा. झांजेचा ठणत्कार ऐकू न येणारा झांजवाला म्हणजे चव गेलेला आचारी. त्याला कोण ठेवणार?

त्याने लूमखात्यातली युक्तीच इथे चालवली. राजारामच्या हातावर नजर ठेवायची. हात उठला की झांज. चाळीस वर्षं शेजारी बसलेला माणूस. त्याचा हात कुठे उठतो, कुठे पडतो, हे दौलतला स्वतःच्या हातापेक्षा जास्त ठाऊक होतं.

अलीकडे मात्र मंडळाचं काहीतरी बिनसलं होतं. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्यात, समोरचा बुवा गाऊन बसला की यांची पाळी. अभंग, गौळण सगळं नीट व्हायचं. शेवटचा गजर द्रुतात गेला की मात्र घोडं लंगडायचं. दोन बाऱ्या अशा हातच्या गेल्या. दोष एकाच्याच माथी आला. राजारामचा हात जड झाला, असं सगळा लालबाग म्हणायला लागला. त्यात सगळ्यात मोठ्याने दौलत. "राजाराम, थाप हातानेच मारतोस ना रे? का कुरिअरने पाठवतोस?" लोक हसायचे. राजारामही हसायचा. आता शनिवारच्या परळच्या बारीला स्वप्नीलबुवाने विरारचा एक पखवाजी सांगून ठेवला होता. राजाराम फक्त म्हणाला होता, "बरं झालं. माझे गुडघे पण धरतात हल्ली."

तर हेडफोन घ्यायला लॅमिंग्टन रोड. दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक वळलं तर दुकानदाराने बाहेर जावं. काउंटरमागे संघमित्रा नावाची मुलगी. परळहून येणारी, मुलखाची फटकळ.

"गाणं कुठलं लावू?" अक्षताने विचारलं.

"पाठ असलेलं लाव," संघमित्रा म्हणाली. " नवीन गाण्यात हेडफोन आपल्याला फसवतो. पाठ असलेल्यात त्याची लबाडी लगेच कळते."

अक्षताने मागच्या बारीचं रेकॉर्डिंग दौलतच्या फोनमध्ये घातलं. त्यातला गजर घरात सगळ्यांना तोंडपाठ होता.

पहिला हेडफोन लाल दिव्यांचा, झगमगीत. त्यात राजारामचा पखवाज असा आदळला की जणू गोदीत क्रेनने कंटेनर सोडला. बाकी बुवा नाही, पेटी नाही, नुसता धुडूम. "हा बासवाला आहे काका," संघमित्रा म्हणाली. "पोरं ह्यालाच भुलतात. महिनाभराने डोकं धरून परत येतात." दुसरा बिनवायरचा, हलका, पण त्यातून आवाज इतका गळत होता की शेजारच्या दुकानातला माणूस ठेका धरायला लागला. दौलतने दोन्ही वेळा "वा, वा" केलं. त्याला भीती एकच. हेडफोनांत फरक सांगता आला नाही तर अक्षता ओळखणार.

तिसरा संघमित्राने खालच्या फळीवरून काढला. ना दिवा, ना रंग. "ह्याला वायर आहे, म्हणून कोण घेत नाही. पण गादी बघा. कान पूर्ण आत जातो, दाबत नाही. तासभर घातला तरी आठवण राहत नाही. ह्या पैशात ह्याच्यापुढे काही नाही. आवाज जरा चढवू?"

गाद्या कानांवर बसल्या आणि लॅमिंग्टन रोड पुसला गेला. हॉर्न, हमाल, पंखे, सगळं एखाद्याने दार लोटावं तसं बंद. त्या शांततेत आधी बुवाचा श्वास आला. श्वास! मग पेटीच्या भात्याचा फुसकारा, मग कोणीतरी पानाचा तोबरा सावरल्याची चुळबुळ. आणि मग, कुठून कोण जाणे, खूप उंचावरून, पातेलीवर उन्हाचा कवडसा पडावा तसा, एक ठणत्कार.

दौलतचा हात आपोआप काउंटरच्या कडेला गेला.

ती त्याची झांज होती. काशाची, कुडाळहून आणलेली, वडिलांच्या हातची. तो ती दर शनिवारी वाजवत होता आणि वाजवताना तिच्यातून हातात येणारी थरथर तेवढी त्याच्या वाट्याला उरली होती. त्याला वाटत होतं आवाज म्हणजे तीच थरथर. आणि हा इथे सबंध आवाज होता, कडेपासून मधल्या वाटीपर्यंत, वाजून झाल्यावर हवेत रेंगाळणाऱ्या शेपटासकट. इतकी वर्षं हे सगळं लोकांना ऐकू येत होतं? येणाऱ्याजाणाऱ्याला? फुकट? त्याला देवळात पहिल्यांदा नेलेल्या पोरासारखं झालं. तोंड उघडं राहिलं. अक्षता काहीतरी बोलत होती. त्याने तिच्या ओठांकडे पाहिलंच नाही.

मग गजर सुरू झाला.

त्यात बुवाचा शब्द पडत होता, आणि झांज त्याच्या मागून येत होती. केसभर नाही, चांगली बोटभर. दौलतने हेडफोन काढून उलटसुलट पाहिला.

"ह्याच्यात आवाज मागून येतो का गं?"

"वायरवाल्यात नाय येत काका. आणि आला तरी सगळाच मागून येईल. एकच वाद्य कसं मागे राहील?"

त्याने परत घातला. डोळे मिटले. आता त्याला दुसरी गोष्ट ऐकू आली. पखवाज शब्दाबरोबर निघत होता, आणि समेच्या तोंडाशी येऊन थांबत होता. रस्ता ओलांडताना मागे राहिलेल्या म्हाताऱ्यासाठी थांबावं, तसा. झांज पोचली की मग थाप. प्रत्येक आवर्तनात. एकदाही न चुकता. हात जड झालेला माणूस कधी लवकर, कधी उशिरा पडतो. हा हात जड नव्हता. हा हात वाट पाहत होता.

"हाच," दौलत म्हणाला.

"नक्की? अजून दोन दाखवते की."

"हाच दे."

घरी येईपर्यंत त्याने ठरवून टाकलं होतं की उद्या तालमीत खरं ते सांगायचं. पण खरं बोलायची सवय लागते, आणि दौलतची ती मोडलेली. म्हणून त्याने माशीपासून सुरुवात केली. माशीनंतर त्याने बोरीबंदरला पडलेली टाचणी ऐकली, मग मागच्या बारीत तिसऱ्या रांगेत बसलेल्या बाईच्या पोटातली भूक ऐकली.

"आणि मग," तो म्हणाला, "आपला गजर ऐकला."

आता माना वर झाल्या. गजर त्या खोलीत जरा दुखरी जागा होती. दौलतने गळ्यातला हेडफोन काढून बुवाच्या डोक्यावर चढवला आणि फोन सुरू केला.

"काय ऐकू येतं?"

"थाप मागे आहे," बुवा म्हणाला. कानांवर गाद्या असल्याने जरा जोरातच. "हे काय नवीन नाय दौलतकाका."

"थापेच्या आधी काय वाजतं?"

बुवा ऐकत राहिला. त्याने फोन मागे सरकवून परत ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्याने राजारामकडे पाहिलं. राजाराम कणकेवर अंगठा फिरवत होता. कणीक केव्हाच नीट बसली होती.

"झांज," बुवा म्हणाला. त्याने हेडफोन काढला. "राजारामतात्या, तुम्ही झांजेसाठी थांबताय?"

"सोड ना रे," राजाराम म्हणाला. "लाव पेटी."

"किती दिवस?"

राजारामने खांदे उडवले. दौलतला वाटलं होतं की इथवर आलं की झालं, राजारामची जागा राहील. पण आता सगळे त्याच्याकडे पाहत होते, आणि पुढचा प्रश्न सगळ्यांच्या ओठांवर त्याला लख्ख दिसत होता. झांज का मागे? त्याने घसा खाकरला.

"अरे मी मुद्दाम मागे ठेवत होतो," तो म्हणाला. "परीक्षा. चाळीस वर्षांचा सोबती, बघू म्हटलं, थांबतो का पुढे जातो. थांबला गडी. पास. विरारवाल्याला फोन कर, म्हणावं येऊ नको."

तो हसला. बाकी कोणी हसलं नाही. मग राजारामने पखवाज मांडीवर घेतला आणि मान डोलावली.

"हां बुवा. आमची पैजच होती तशी. मी जिंकलो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. बुवा एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत राहिला. विश्वास ठेवावा असं त्याला वाटायला लागलं होतं.

उंबऱ्यावर जाईबाईने सुपातले वाल बाजूला सारले. ती उठली नाही. फक्त आत वळली, नवऱ्याच्या समोर तोंड करून.

"मुद्दाम खंयचा?" ती म्हणाली. "खोटा बोलतत दोघव. ह्यांका झांज ऐकाक येना नाय."