ठकू डावरी कशी झाली

आकुर्डीची अंबूबाई चिडली की साऱ्या आळीला ऐकू जायचं. पण त्या दिवशी चिंचवडच्या छापखान्याच्या पायऱ्या चढताना तिनं तोंडातून ब्र काढला नाही. तिचा नवरा सोनबा म्हणतो, तीच खरी धोक्याची खूण!

कारण उघड होतं. छापखान्याचे मालक मारुतराव तिची ठकू देऊन टाकायला निघाले होते.

ठकू म्हणजे 'फुलबाजी' मासिकातली पोर. हातात गोफण घेऊन दर महिन्याला सहा चित्रांत एकेका लबाडाची खोड मोडायची. पिंपरीच्या नव्या कारखान्यातले कामगार पोरांच्या नावानं अंक घ्यायचे आणि आधी स्वतःच वाचायचे. गोष्ट अंबूबाईची, चित्रं अंबूबाईची, लाकडावर ठसे कोरायची तीही अंबूबाईच. अंकावर नाव मात्र एकट्या मारुतरावांचं. चार वर्षं तिनं ते चालवून घेतलं. पण आज मुंबईचे प्रकाशक हिंदुराव ठकूचं पुस्तक करायला आले होते. त्यावर 'ठकूचे जनक मारुतराव' असं छापणार, आणि पुढचे ठसे मुंबईचा कारागीर कोरणार. सोनबानं ही बातमी आणली आणि अंबूबाई तडक चिंचवडला निघाली. पोटची पोर कुणी परस्पर दत्तक देतं का?

"बसा, अंबूबाई," मारुतराव गडबडले. "हिंदुराव, ह्या आमचे ठसे कोरतात. मी सांगतो तसे."

"व्हय का?" अंबूबाई काही बसली नाही. "मग मालक, पाव्हण्यास्नी येवढंच सांगा. ठकू डावरी का हाय?"

हिंदुराव पुढे सरकले. "अहो, मीही तेच विचारणार होतो. गोफण डाव्या हातात, हीच तर तिची गंमत!"

झालं! मारुतरावांना चेव चढला. "आठ दिवस विचार केला होता मी. म्हटलं, डावखुऱ्या पोरांना घरोघरी मार बसतो, कुणीतरी त्यांची बाजू घ्यायला हवी. म्हणून मीच सांगितलं, गोफण डाव्या हातात द्या."

"वा!" हिंदुराव म्हणाले.

अंबूबाईनं कनवटीतून एक पिवळं पडलेलं पोस्टकार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. "जरा मोठ्यानं वाचा, दादा."

हिंदुरावांनी वाचलं. "'सौ. अंबूबाई सोनबा सुतार, मु. आकुर्डी. तुमच्या वेंधळेपणाची हद्द झाली. छापल्यावर गोफण डाव्या हातात आली! अंक बाजारात गेला, आता इलाज नाही. पुन्हा अशी चूक केलीत तर तुमची ठकू बंद. मारुतराव.'"

यंत्रावरचा माणूस फिस्सकन हसला. मारुतरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"माजा बाप लुगड्यावर छापायचे ठसे कोरायचा," अंबूबाई म्हणाली. "त्याच्याच हाताखाली शिकले मी. कोयरी उलटी उमटली तरी कोण इचारतंय? माणूस पयल्यांदाच कोरला, अन् छापल्यावर उजव्याचं डावं हुतं ह्ये ध्यानातच आलं न्हाई. पोरांनी ती डावरीच उचलून धरली, मग मीबी डावरीच ठेवली. चूक माजी हुती, दादा. मालकांनीच लिवून दिलंय. मग चूक माजी, तर पोर कुणाची?"

"पण मासिक माझं आहे!" मारुतराव तडकले.

"हाय की. मासिक तुमचंच. ठकू माजी."

हिंदुरावांनी पुस्तकाच्या करारातल्या मारुतरावांच्या नावावर सरळ काट मारली आणि वर अंबूबाईचं लिहिलं. "'तुमची ठकू', असं तुम्हीच तर पोस्टानं कळवलंत, मारुतराव! आता मी काय करू?"

"अन् मला इचारल्याबिगर दुसऱ्या कुणी ठकू कोरायची न्हाई. त्येबी लिवा."

"लिहितो, अंबूबाई."

मासिकातही नाव घालायचं, हेही ठरलं. ठकू गेली तर 'फुलबाजी' कोण घेणार, हे मारुतरावांना कुणी सांगावं लागलं नाही. मनातून जळफळत त्यांनी छपाईचे खिळे जुळवणाऱ्या चिमाजीला हाक मारली. चिमाजीनं शिशाची अक्षरं जुळवून आणली. शिशात ती सगळी उलटी.

"बघा, वाचता येतंय का!" मारुतराव कुत्सितपणे म्हणाले.

अंबूबाईनं उजवीकडून डावीकडे बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा एकदा. तिचे डोळे भरून आले होते, तरी एक काना सुटू दिला नाही तिनं.

"अंबूबाई सोनबा सुतार," ती म्हणाली. "समदं उलटंच हाय. आता छापा, सुलट उमटंल."