बाजूच्या सीटवरचा माणूस

माणसाला शेवटी माणूसच वाचवतो, असं केंद्राच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. त्याखाली बारीक अक्षरांत ‘अर्ज तीन प्रतींत, सोबत दोन फोटो’ असंही होतं.

दारूतून सुटलेल्यांना तिथे ‘सोबती’ व्हायला शिकवत. काम ऐकायला सोपं. नुकतीच दारू सोडलेल्या माणसासमोर आठवड्यातून दोनदा बसायचं आणि त्याला उपदेश करायचा नाही. बारा आठवड्यांच्या वर्गातले अकरा या शेवटच्या ‘नाही’वरच खर्च होत. दारू सुटते हो. उपदेश सुटत नाही.

क्लचमास्तर त्या वर्गातले सगळ्यांत कच्चे विद्यार्थी. बावीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली होती. शिकाऊ माणसाच्या बाजूच्या सीटवर बसायचं आणि आपल्या पायाखाली वेगळा ब्रेक ठेवायचा, हा त्यांचा धंदा. मग एका सकाळी शिकायला आलेल्या बाईंना त्यांच्या तोंडाचा वास आला आणि सीट गेली. तेव्हापासून ते मेहुण्याच्या टायरच्या दुकानात फोन उचलत. मेहुणा मनाचा चांगला. “आमचे दाजी आता एकदम सुधारलेत,” असं प्रत्येक गिऱ्हाइकाला न विचारता सांगायचा. केंद्रात सोबत्याची एक जागा रिकामी होती. मास्तरांना ती हवी होती. पुन्हा एकदा कुणाच्या तरी बाजूला बसायचं होतं, बाकी काही नाही.

पण समोरचा धोक्याच्या वाक्याकडे वळला, की टेबलाखाली मास्तरांचा उजवा पाय आपोआप दाबला जाई. सरावात कुणी म्हणालं, “संध्याकाळी सहज जुन्या मित्राकडे...” की मास्तर ओरडत, “नको! तिकडून वळवा!”

“मास्तर,” शिकवणाऱ्या बाई म्हणत. त्या पूर्वी नर्स होत्या आणि आवाज अजून सुई टोचण्याआधीचाच होता. “इथे ब्रेक तुमच्याकडे नाही. गाडी त्यांची.”

“आणि ठोकली तर?”

“तर विचारा, कुठे लागलं.”

मास्तरांनी घरी सराव सुरू केला. बायको म्हणाली, नळ गळतोय. मास्तरांनी खुर्ची ओढली, मान किंचित कलती केली आणि विचारलं, “नळ गळतो तेव्हा तुला नेमकं काय वाटतं?”

“मला प्लंबर हवासा वाटतो,” बायको म्हणाली.

अर्जात एक अट होती : सलग दोन वर्षं एक थेंब नाही, शेवटच्या थेंबाची तारीख, आणि तसं सांगणारी घरच्या माणसाची सही. मास्तरांना दोन वर्षं एक महिना झाला होता, मधली एक दुपार सोडली तर. ती दुपार बायकोला ठाऊक होती. तिनं अर्ज शेवटपर्यंत वाचला.

“सही माझी आहे, ती मी करते,” ती म्हणाली. “तारीख तुमची आहे.”

मास्तरांनी त्या दुपारच्या आधीची, पहिली तारीख घातली. पेन अडलं असतं तर विचार करायला निमित्त मिळालं असतं. पण पेन झकास चालत होतं.

बाराव्या आठवड्यात परीक्षा. बाई कोपऱ्यात वही घेऊन बसल्या. समोर खराखुरा माणूस, एक बेकरीवाला. तिशीतला, नखांत पीठ.

“चाळीस दिवस झाले होते,” तो म्हणाला. “रविवारी प्यायलो. आता पुन्हा एकपासून मोजा. त्यापेक्षा न मोजलेलं बरं.”

मास्तरांचा पाय दाबला गेला. जीभ मात्र जागेवर राहिली.

“कुठे लागलं?” त्यांनी विचारलं.

“बायकोला तोंड दाखवताना. ती काही बोललीच नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर जीव भांड्यात पडला असता.” त्यानं नखातलं पीठ कोरलं. “पण तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही दोन वर्षंवाले. तुमची मातीच वेगळी. आपल्याच्यानं नाही होणार. उद्यापासून येत नाही, एवढं सांगायला आलो होतो.”

त्यानं खुर्ची मागे सरकवली.

अशा वेळी स्वतःचं पुराण लावायचं नाही, हा नियम. गप्प बसलं तर नियम पाळला जाणार होता, परीक्षा पार पडणार होती आणि तारीखही झाकली राहणार होती. नियम आणि मास्तरांचा फायदा आयुष्यात पहिल्यांदाच एका बाकावर बसले होते.

“चौदाव्या महिन्यात,” मास्तर म्हणाले. “दुपारी तीनला. टायरच्या ढिगामागे. अर्धी बाटली. घरी जाऊन दोनदा अंघोळ केली. बायकोनं ताट वाढलं, पाणी ठेवलं. बोलली नाही. पुन्हा एकपासून मोजायला हवं होतं, ते मोजलं नाही. अर्जावर खोटं लिहिलंय.”

कोपऱ्यातलं पेन थांबलं.

“मग दुसऱ्या दिवशी काय केलंत?” बेकरीवाल्यानं विचारलं.

“दुकानात गेलो. फोन उचलले.”

“बस?”

“बस. तेवढंच जमत होतं.”

बेकरीवाल्यानं खुर्ची पुढे ओढली. मग पाऊण तास तो बोलत होता : बायकोबद्दल, भट्टीबद्दल, हात थरथरल्यामुळे वाकड्या कापल्या गेलेल्या पावांबद्दल. मास्तर मध्ये दोनदाच बोलले, आणि दोन्ही वेळा प्रश्नच विचारला.

तो गेल्यावर बाईंनी वही मिटली. “ऐकण्याला पैकीच्या पैकी,” त्या म्हणाल्या. “इतकं चांगलं ऐकणारा या वर्षी कुणी आला नव्हता.” मग अर्ज पुढे केला आणि खरी तारीख घालायला लावली. “अजून तेरा महिने. मग या.”

“बाई, जागा तोवर जाईल.”

“जाईल. लायसन नसलेल्याच्या एकट्याच्या हातात तुम्ही गाडी दिली असतीत?”

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. “नसती,” ते म्हणाले.

बेकरीवाला दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला. आठवड्याभरानं केंद्रानं त्याला सोबती देण्यासाठी फॉर्म भरून घेतला. ‘सोबती कसा हवा’ या रकान्यात त्यानं सुवाच्य अक्षरांत लिहिलं : दोन वर्षं पूर्ण झालेला, मध्ये न प्यायलेला.