दुधातली पूड

संस्कृतीला पाचवा महिना लागला आणि सासूनं, ठमाबाईंनी, तिचं घराबाहेर पडणं बंद केलं. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती, त्यामुळं सासूपुढं बोलायला तिला तोंड उरलं नव्हतं. नवरा राजवर्धन बारामतीला कंपनीत कामाला. सकाळी वरकुट्याहून निघायचा, तो अंधार पडल्यावर यायचा. "आई म्हणती तसं कर. थोडेच महिने हायत," एवढंच म्हणायचा.

मधल्या खोलीला एकच खिडकी, आणि तिच्यापुढं हातभरावर चुलत्यांच्या घराची भिंत. दिवसाही दिवा लावावा लागे. संस्कृती दाराकडं वळली की हाक यायची, "कुठं निघालीस?" तिच्या कमरेत, मांड्यांत सारखा ठणका असायचा. खाली बसलं की भिंत धरून उठावं लागायचं.

गावातली आशा सेविका अंजली हिनं ते पाहिलं आणि हट्टानं तिला बारामतीच्या दवाखान्यात नेलं. ठमाबाई बरोबर होत्याच. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला.

"ड जीवनसत्त्व फारच कमी आहे. बाळाच्या हाडांना ते लागतं, मेंदूच्या वाढीतही त्याचा वाटा असावा असं दिसतंय. आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायची. आणि रोज थोडा वेळ उन्हात बसायचं."

"उन्हाचं न्हाय जमायचं," ठमाबाई म्हणाल्या. "पुडी देईन मी."

दर सोमवारी त्या दुधाचा पेला आणायच्या आणि रिकामा होईपर्यंत समोर उभ्या राहायच्या. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा उलट थोडा खालीच गेला होता.

"पुड्या घेतल्या नाहीत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घेतल्या की. दर सोमवारी." बोलता बोलता संस्कृतीनं सासूकडं पाहिलं. ठमाबाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या.

परतताना निमगाव केतकीला एसटी थांबली तेव्हा संस्कृतीनं विचारलं, "आत्या, दुधात पूड घालत होता का?"

"न्हाय."

"का?"

"गरम पडती म्हणत्यात." मग त्या म्हणाल्या, "राजूच्या आधी मला पोरगी झाली होती. आठव्या महिन्यात उसात खुरपायला गेले. भर उन्हात भोवळ आली, पडले. तितंच झाली. रडलीच न्हाय. तवापासनं गरवार बाई उन्हात दिसली, गरम काय खाल्लं म्हणलं, की माझं काळीज हालतं."

संस्कृतीला त्यांचा हात धरावासा वाटला आणि त्याच वेळी एसटीतून उतरून पळत सुटावंसंही. "तुमच्या पोरीचं वाईट वाटतं, आत्या," ती म्हणाली. "पण माझ्या पोटात हाय ते जितं हाय."

घरी आल्यावर तिनं पुड्या मागितल्या. कपाटातल्या लुगड्यांखालून आठच्या आठ निघाल्या. त्यातली एक तिनं स्वतःच्या हातानं दुधात ढवळली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला अंगणात पोतं टाकून बसली, बाह्या वर, पातळ गुडघ्यापर्यंत. ठमाबाई दारातनं म्हणत राहिल्या, "आत ये. कायतरी हुईल तुला." ती उठली नाही. शेवटी त्या तिच्याशेजारी येऊन उकिडव्या बसल्या आणि पाव तास झाला तसा दंड धरून तिला आत घेऊन आल्या.

दिवस पूर्ण भरल्यावर मुलगी झाली. वजनानं किंचित कमी, पण रडली खणखणीत. डॉक्टरीणबाईंनी बाळाला रोज द्यायचे थेंब लिहून दिले. संस्कृतीनं त्यांना एकटं गाठून विचारलं, "ते दोन महिने वाया गेले, त्याचं काय होईल?"

"तसं कुणालाच सांगता येणार नाही. बहुतेक काही नाही. वाढीवर लक्ष ठेव."

संस्कृती लक्ष ठेवू लागली. कानापाशी टाळी वाजवी, डोळ्यांपुढं बोट फिरवी. चौथ्या महिन्यात मुलीनं मान धरली. अंजली म्हणाली, "सगळं येळंवर हाय." तरी संस्कृतीला खरं वाटेना.

ठमाबाई आता तिला अडवत नाहीत. परवा अंजली बचत गटाच्या बैठकीला बोलवायला आली.

"जा की," ठमाबाई म्हणाल्या. "मी बघते पोरीला. तासाभराचं तर हाय."

त्यांनी हात पुढं केले. संस्कृतीनं मुलीला छातीशी घट्ट धरलं.

"नको," ती म्हणाली, आणि मधल्या खोलीत जाऊन बसली.