कुलूप घातलेला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. मला गोड बोलता येत नाही. ज्या कामासाठी मला घडवले, त्यात गोड बोलून भागत नाही. तेव्हा माझी हकिकत कडू लागली तर राग मानू नका.

ओतकामाच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. कर्ण्यासारखे रुंद तोंड, पोटात मोटार आणि तिच्यावर गरगरणारे पाते. मला पहिल्यांदा वाजवले तेव्हा कामगारांनी कानांवर हात ठेवले, आणि मुकादम खूश होऊन म्हणाला, "हा मेलेल्यालाही उठवील." ते खरे नाही, हे मला पुढे कळले.

मला नदीवर लक्ष ठेवणाऱ्या काठावरच्या एका ठाण्याच्या गच्चीवर बसवले. ती नदी तीन देशांतून वाहते. वरच्या देशात बर्फाचे डोंगर आणि मोठे धरण, मधे आमचा देश, आणि खाली समुद्राला टेकलेला तिसरा. उन्हाळ्यात नदी आटली की आमच्या वस्तीतली माणसे पात्रातल्या वाळूत कलिंगडांचे आणि काकड्यांचे वेल लावत. पण त्याच दिवसांत वर बर्फ भराभर वितळे, धरण तुडुंब भरे आणि दरवाजे उचलावे लागत. डोक्यावर ढगाचा ठिपका नाही, आणि पात्रात पाण्याची भिंत! माणसाला सावध करील असे आभाळात काहीच नसे. म्हणून मी होतो.

तेव्हा तिन्ही देशांनी मिळून एक नदी मंडळ नेमले होते. त्याच्या शब्दाला वजन होते. मंडळाने हुकूम काढला आणि धरणापासून माझ्यापर्यंत तार ओढून घेतली. वर दरवाजा हलला की खाली मी आपोआप वाजे. माणसे हातातले काम टाकून काठावर चढत. कलिंगडे वाहून जात, माणसे राहत. मग बायका कमरेवर हात ठेवून नदीला चार शिव्या हासडत आणि माझ्याकडे बघून म्हणत, "याचा घसा काही बसत नाही बाई!" एवढेच माझे कौतुक. मला ते पुरे होते.

माझी देखभाल करणाऱ्या माणसाला सगळी वस्ती भोंगेमामा म्हणे. मामा तसे भित्रे. साहेबाचा फोन आला तरी उभे राहून बोलत. पण माझ्या पात्याला तेल द्यायला ते कधी चुकले नाहीत. त्यांची थोरली बहीण वरच्या देशात दिली होती. धरणाच्या वसाहतीतल्या खानावळीत ती स्वयंपाक करी. तिचा फोन आला की मामी वाळूतून धावत येई, मातीच्या हातानेच फोन हिसकावून घेई, आणि मग नणंद-भावजय मिळून मामांची उणीदुणी काढत. मामा बाजूला बसून आपलीच निंदा कौतुकाने ऐकत.

मग मंडळाची मुदत संपली आणि नव्या कराराची बोलणी सुरू झाली. वरचा देश म्हणाला, आमचे बर्फ तुमच्या कारखान्यांच्या धुराने वितळते; आधी धूर कमी करा. आमचा देश म्हणाला, ज्यांची धुराडी आमच्याहून मोठी आहेत ते देश तर या नदीवर नाहीतच. आम्हीच काय घोडे मारले आहे? दोघांचेही खरे होते. पण नदीवर नसलेल्या देशांना नदी मंडळ जाब विचारणार कसे? आणि विचारला तरी ते मोजणार कुणाला? बोलणी फिसकटली. धरण आमचे, दरवाजे आमचे, असे म्हणून वरचा देश हात झटकून मोकळा झाला. मंडळ नावाला उरले. त्याने यापुढे हुकूम काढायचा नाही, फक्त आवाहन करायचे, असे ठरले.

माणसे तार काढायला आली त्या दिवशी आमच्या देशाच्या वतीने मंडळावर असलेल्या इंजिनिअर बाई स्वतः गच्चीवर आल्या. मामांनी भीत भीत विचारले, "मॅडम, तार त्यांनी तोडली म्हणायची का आपण?"

"दोघांनी," बाई म्हणाल्या. "कात्री त्यांची. धार आपण लावून दिली."

"पण या सगळ्यांच्या वर कोणीतरी असेलच ना?"

"तुमच्या गल्लीत पाण्यावरून मारामारी झाली तर तुम्ही चौकीत जाता, कोर्टात जाता. देशांना त्यांच्या मर्जीविरुद्ध ओढून नेता येईल असं कोर्ट नाही, मामा. साऱ्या जगाची मिळून एक सभा भरते, तिथं जाता येतं."

"मग त्या सभेला काही अधिकार?"

"चहा मागवायचा आहे," बाई म्हणाल्या, आणि माझ्या तुटक्या तारेचे टोक उचलून त्यांनी कठड्याला बांधून ठेवले.

त्यानंतर मला वाजवायला ठाण्यातल्या मामांच्या खोलीत एक बटण बसवले. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी मामांच्या बहिणीचा, ताईंचा, फोन आला. तिकडे खानावळीत न्याहारीला बसलेले इंजिनिअर दरवाजे उचलायचे म्हणत होते. कुणाला विचारावे हे मामांना सुचेना. शेवटी डोळे मिटून त्यांनी बटण दाबले. पात्र रिकामे झाले. आणि पाणी काही आले नाही! वर ऐनवेळी बेत बदलला होता. पळापळीत एका म्हाताऱ्याचा पाय मोडला, माल नासला, आणि लोक मामांना नाही नाही ते बोलले. वरच्या देशाने तक्रार केली की धरणाची आतली खबर बाहेर फुटली. ताईंची नोकरी गेली आणि त्यांचा फोन कापला गेला. इकडे परक्या देशातल्या बाईच्या सांगण्यावरून सरकारी भोंगा वाजवला म्हणून मामांना समज मिळाली. बटणावर लोखंडी पेटी बसवली, पेटीला कुलूप लागले, आणि किल्ली जिल्ह्याच्या कचेरीत गेली.

मामा मात्र शिडी चढून मला तेल देतच राहिले. मी काही बोललो नाही. माझ्या जातीला दुसऱ्याने वाजवल्याशिवाय बोलता येत नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ऊन भलतेच लवकर तापले. एका दुपारी मामांना खिडकीतून वरच्या अंगाला पात्रात तपकिरी रेघ दिसली. मामी कलिंगडे काढायला पार पलीकडच्या वाफ्यात गेली होती. मामांनी कचेरीत फोन लावला. पलीकडचा साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्याने नीट ऐकून घेतले आणि विचारले, "वरून काही कळवलंय का त्यांनी?"

"नाही साहेब. पण मला दिसतंय."

"मागच्या वेळचं माहीत आहे ना? थांबा, मी वर विचारतो. फोन ठेवू नका."

मामा थांबले. सगळा जन्म ते साहेबांच्या शब्दावर थांबत आले होते. रेघ जाड झाली. मग फोन तसाच लोंबकळत टाकून त्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली आणि कुलपावर घातली. मी ओरडलो, मित्रांनो. पाते तुटेल असा ओरडलो. अलीकडच्या वाफ्यातली माणसे वर आली. मधली काही आली. पलीकडच्या वाफ्यात माझ्या आधी पाणी पोचले होते.

मामी दुसऱ्या दिवशी खालच्या देशाच्या हद्दीत सापडली. तिला आणायला परवाने लागले.

वरच्या देशाने कळवले की दरवाजे उचलले नसते तर धरणच फुटले असते. तेही खरे होते. खाली कळवणे मात्र आता कुणाचेच काम नव्हते. दरवाजे उचलल्याची बातमी ताईंना वसाहतीतून लागताच आम्हाला कळवायला त्या हद्दीवरच्या चौकीकडे धावल्या होत्या. शिपायाने त्यांना समजावून घरी पाठवले. भावजयीसाठी भावाच्या गळ्यात पडून रडायला यायचे, तर त्यांचा परवाना नाकारला गेला. मामांनी हे मला तेल देताना सांगितले. तेल सगळे बाहेर सांडत होते.

मग मोठी परिषद भरली. मंडळाच्या इमारतीत मला घासूनपुसून काचेच्या पेटीत ठेवले. लांबलांबच्या देशांचे पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. इंजिनिअर बाई बोलायला उठल्या. त्या म्हणाल्या, "बर्फ एका देशात, धूर दुसऱ्यांचा, आणि मरतो तिसरा. याचा निवाडा करील आणि तो निवाडा पाळायला लावील, असं साऱ्या जगाचं मिळून एकच मंडळ हवं. छोट्यांचं त्यात ऐकलं जावं आणि मोठ्यांना त्यातून पळता येऊ नये. आपल्याला आपला अधिकार सोडवत नाही, मला माहीत आहे. पण हा अधिकार घेऊन आपण नेमकं काय वाचवलं?" टाळ्यांचा कडकडाट झाला. मग ठराव मंजूर झाला. सर्व देशांनी यापुढे काळजी घ्यावी, असे आवाहन करण्यात आले.

मामांना पहिल्या रांगेत बसवून पुष्पगुच्छ दिला होता. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा भर सभेत हात वर केला. "तार कोण जोडणार?" एवढेच त्यांनी विचारले. अध्यक्ष नम्रपणे म्हणाले की हा प्रश्न आजच्या विषयात बसत नाही. मामा पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवून निघून गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

मित्रांनो, हल्ली शाळेच्या सहली इथे येतात. तुम्ही काचेला नाक लावता आणि विचारता, हा वाजतो का? माहिती सांगणारा माणूस म्हणतो, नाही, हा आता फक्त बघायचा. तो खोटे सांगतो. माझी मोटार शाबूत आहे. मला वाजवण्याचा अधिकार कुणाचा, एवढेच तुमच्या मोठ्यांना ठरवता आलेले नाही. तुम्ही ते ठरवा. त्या मंडळाला नाव काहीही द्या, त्यात कोण कुठे बसणार यावर हवे तितके भांडा, पण भांडण संपवूनच उठा. माझी काच पुसत बसू नका. वर डोंगरात बर्फ आजही वितळते आहे, आणि खाली वाळूत माणसांनी पुन्हा वेल लावले आहेत.