हात लागला की गेलं

घरात काही अडकलं की सासरे एकच हाक मारायचे, "पैलवान!" आणि पैलवान म्हणजे थोरली सून. घट्ट बसलेलं झाकण असो, फुगलेलं दार असो, नाहीतर कपाट या भिंतीचं त्या भिंतीला न्यायचं असो, थोरली बाह्या सरसावून यायची, एक हिसडा द्यायची आणि "झालं" म्हणून परत आपल्या कामाला. नवरा आणि दीर, दोघे चांगले धट्टेकट्टे बाप्ये, पण कमरेवर हात ठेवून नुसते बघायचे. इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती कामाला होती. मशीनमधून ओल्या चादरींचे पिळे उपसायचे म्हणजे काय असतं, ते उपसणाऱ्यालाच ठाऊक.

तिच्या वाट्याला कौतुक असं तेवढंच होतं हो. रूप बेताचं, शिक्षण बेताचं, आणि स्वयंपाकाचं तर नावच काढू नका. पण ताकदीत तिचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. त्या एका हाकेवर तिची मान ताठ होती. ती हाक दुसऱ्या कोणाला जाईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

धाकटी जाऊ म्हणजे नुसती काडी. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा पुसायची आणि फ्रेमचे इवलेसे स्क्रू पिळायची. जड म्हणून तिनं काय उचललं असेल, तर दुकानाचा आरसा, तोही दोन्ही हातांनी. थोरली संध्याकाळी जिमला जायची. एके दिवशी धाकटी तिच्या मागे लागली, "ताई, मला पण न्या ना तुमच्या जिमला. माझे खांदे फार भरून येतात."

थोरलीनं नेलं. प्रेमानं नेलं असं कोणी समजू नये. ही काडी आपण उचललेलं वजन बघेल, तोंडाचा आ करेल आणि घरी जाऊन चार जणांत सांगेल, एवढाच तिचा हिशोब होता. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

जिममध्ये बायकांसाठी संध्याकाळचा वेगळा तास होता. बहुतेकजणी यायच्या, पट्ट्यावर चालायच्या, गप्पा मारायच्या आणि घाम पुसत निघून जायच्या. वजनांच्या कोपऱ्यात रमणाऱ्या थोड्याच, आणि त्यांच्यावर कोचबाईचा जीव. कोचबाई आडव्या अंगाची, घोगऱ्या आवाजाची. ती म्हणायची, "पाय सगळ्याजणी करतात गं. खांदे, छाती, दंड म्हटलं की पळतात. म्हणे पुरुषी दिसू. अगं, दिसा की! कोण खातंय तुम्हाला?"

धाकटी पळाली नाही. पहिल्या दिवशी नुसत्या रिकाम्या दांडीखाली तिचे हात लटलट कापले, तेव्हा थोरलीला कोण आनंद झाला. पण ही पोरगी जिद्दीची निघाली. आठवडे गेले, महिने गेले, दांडीला प्लेटा चढत गेल्या. मान आणि खांदा यांच्यामध्ये तिच्या जिथं खड्डा होता तिथं मांस भरलं. कोचबाई तिला सगळ्यांपुढे उभी करून म्हणायला लागली, "बघा, याला म्हणतात मेहनत." थोरलीला कधी असं उभं केलं नव्हतं. तिची ताकद आधीपासूनचीच, त्यात कोचबाईनं मिरवायचं काय?

आणि मग तो रविवार. माळ्यावरची ट्रंक खाली काढायची होती. सासऱ्यांनी हाक मारली, "पैलवान!" थोरली हात पुसत आली तर काय, धाकटी स्टुलावर चढून ट्रंक खांद्यावर घेऊन खाली उतरतसुद्धा होती. सासरे हसून म्हणाले, "आता दोन दोन पैलवान झाल्या की घरात!"

दोन दोन. थोरलीच्या पोटात असं काही दुखलं म्हणता! रात्री नवऱ्याजवळ ती म्हणाली, "तुमच्या वडिलांना भारी कौतुक आलंय धाकट्या सुनेचं."

नवरा म्हणाला, "अगं, ट्रंकच ती. कोणी का काढेना."

कोणी का काढेना! आता या माणसापुढे डोकं फोडून काय उपयोग?

जावा जावा आणि उभा दावा, असं उगाच नाही म्हणत. पण इथं दावा एकाच बाजूनं होता, हीच तर पंचाईत. धाकटी कधी भांडली असती, कधी टोचून बोलली असती, तर थोरलीला जरा मोकळं झालं असतं. ती आपली "ताई, ताई" करत मागे मागे. बाकावर उताणं झोपून दांडी ढकलायची म्हटलं की सपोर्टला तिला ताईच हवी.

सपोर्ट म्हणजे झोपणारीच्या डोक्यामागे उभं राहायचं आणि दांडीखाली पंजे धरायचे, पण दांडीला टेकवायचे नाहीत. दांडी छातीवर अडकली आणि झोपणारी "घे" म्हणाली, की झटकन उचलायची. ती म्हणायच्या आधी बोट जरी लागलं, तरी ते वजन तिच्या नावावर धरायचं नाही. कोचबाईचं ठरलेलं होतं, "हात लागला की गेलं."

रोज मागे उभं राहून थोरलीला एक गोष्ट कळली होती, जी कोचबाईलाही ठाऊक नव्हती. धाकटीची दांडी अर्ध्यावर थबकते. अगदी थांबते. आता पडते की काय असं बघणाऱ्याला वाटावं. पण पडत नाही. धाकटी दात आवळते, नाकपुड्या फुगवते, आणि दांडी मुकाट्यानं वर जाते. नेहमीच.

शहरातल्या सगळ्या जिमच्या बायकांची स्पर्धा जाहीर झाली. एका जिममधून एकच बाई. कोचबाई म्हणाली, "तुम्हा दोघी जावांपैकीच एक जाणार. शनिवारी बघू कोण जास्त उचलतं ते." घरी सासऱ्यांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "वा! म्हणजे खरा पैलवान कोण ते ठरेल एकदाचं." त्यांनी थट्टाच केली. थोरलीला ती थट्टा वाटली नाही. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

शनिवारी थोरलीनं आधी उचललं. आजवर उचललं नव्हतं इतकं उचललं. सगळ्याजणींनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांत मोठ्यानं वाजवल्या धाकटीनं. मग धाकटीनं त्याच वजनावर दोन्ही बाजूंना एकेक बारकी प्लेट चढवली, बाकावर झोपली आणि म्हणाली, "ताई, तुम्हीच उभ्या राहा. तुम्ही असलात की मला भीती वाटत नाही."

दांडी खाली आली, छातीला टेकली, वर निघाली. अर्ध्यावर थबकली. धाकटीनं दात आवळले. थोरलीनं तिच्या नाकपुड्या फुगलेल्या पाहिल्या. आणि ते पाहिलं मात्र, तिनं दोन्ही पंजे दांडीला लावले आणि ती वर उचलून घेतली.

"बाई गं!" कोणीतरी ओरडलं. "वेळेवर धरलं म्हणून, नाहीतर छातीवरच आली असती!"

कोचबाईनं थोरलीच्या पाठीवर थाप मारली. "जाऊ असावी तर अशी. पण धाकटे, हात लागला, आता हे धरता येणार नाही. स्पर्धेला थोरली जाईल."

धाकटी उठून बसली. तिचा चेहरा उतरला होता. "मला वाटलं होतं जाईल," ती म्हणाली. मग तिनं थोरलीचा हात घट्ट धरला. "तुम्ही होतात म्हणून वाचले हो ताई."

घरी जाऊन तिनं सगळ्यांना सांगितलं. सासऱ्यांना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या शेजारणीलाही सांगितलं, की ताईंनी मला कसं वाचवलं. थोरलीनं जिंकलेलं ऐकून सासरे म्हणाले, "शाब्बास पैलवान! आणि वर जावेलाही सांभाळलंस!" जे ऐकायला तिनं हे सारं केलं, ते तिला ऐकू आलं. आणि तोंडाची चवच गेली.

त्याहून वाईट म्हणजे धाकटी बिघडली. तिनं प्लेटा उतरवल्या. आधी एक जोडी, मग दुसरी. रोज लीलया उचलायची ते वजनसुद्धा अर्ध्यावर आलं की घाबरी होऊन म्हणायची, "घ्या ताई, घ्या!" दांडी थबकली रे थबकली की तिचा धीर सुटायचा. "माझा अंदाजच चुकतो बहुतेक," ती म्हणायची. "जातंय असं वाटतं, पण जात नसतं." ट्रंकेकडे बोट दाखवून सासरे तिला थट्टेनं म्हणाले, "काय, उचलतेस का?" तर म्हणते, "नको बाबा, ताईंना सांगा."

आता थोरलीला सुख व्हायला हवं होतं की नाही? पण मेलं सुख कुठलं होतंय! पुढे धावणारी होती म्हणून हिचे पाय उचलत होते. जळत होती म्हणून तर रोज एक प्लेट वाढवत होती. आता जळायलाही कोणी उरलं नाही, आणि तिचं स्वतःचं उचलायचं वजन होतं तिथंच अडून बसलं. कोचबाई करवादली, "अगं, स्पर्धा तोंडावर आलीय आणि तू झोप काढतेस काय?"

एका संध्याकाळी धाकटी बाकावर झोपली. वजन अगदी किरकोळ, पूर्वी ती गप्पा मारत मारत उचलायची तेवढं. दांडी अर्ध्यावर आली, थबकली, आणि सुरू झालं तिचं, "घ्या ताई!"

थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. "नाही घेत जा!" ती म्हणाली, आणि तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"ताई! अहो, घ्या ना! पडतंय!"

"काही पडत नाही. सोंगं पुरे कर. ढकल!"

"ताई, पाया पडते तुमच्या!"

"ढकल म्हणते ना! तुझं असंच थबकतं आणि मग जातं. रोज बघते मी. ढकल!"

धाकटीनं रागानं, रडकुंडीला येऊन, दात आवळले. दांडी वर गेली. सरळ, कोपर ताठ होईपर्यंत. खटकन खोबणीत बसली.

 धाकटी उठून बसली, पण वळली नाही. आरशात थोरलीकडे बघत तिनं विचारलं, "माझं असंच थबकतं?"

"हो."

"नेहमी?"

 तेव्हा कुठं आपण काय बोलून बसलो ते थोरलीच्या ध्यानात आलं.

"आणि मग जातं," धाकटी हळू म्हणाली. "म्हणजे शनिवारीही गेलं असतं. आणि तुम्हाला माहीत होतं."

थोरलीला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर कोचबाईला हाक मारून चारचौघींत माझी अब्रू काढेल. काढली असती तरी बरं झालं असतं. धाकटीनं तसलं काही केलं नाही. ती उठली, प्लेटा काढून आणल्या आणि शनिवारचं वजन चढवलं. मग हाक मारली, "कोचबाई, माझ्या मागे तुम्ही या जरा."

"का गं? जाऊ उभी आहे की!"

"त्यांची जागा तिथं नाही," धाकटी म्हणाली. आवाज शांत होता, पण तो थोरलीनं आजवर ऐकलेला नव्हता. "ताई, माझ्यावर जळायचंय ना तुम्हाला? मग शेजारच्या बाकावर झोपून जळा. मागे उभं राहून नको."

कोचबाई दोघींकडे आळीपाळीनं बघत बाकामागे येऊन उभी राहिली.  धाकटी झोपली, दांडी छातीवर घेतली, वर ढकलली. थबकली. कोचबाईचे पंजे पुढे सरकले तशी थोरलीच ओरडली, "हात लावू नका!" आणि दांडी गेली.

"आता तुम्ही," धाकटी उठून घाम पुसत म्हणाली. "हेच वजन. उचललंत तर स्पर्धेला तुम्ही जा, नाहीतर मी."

नाही कसं म्हणायचं? थोरली बाकावर झोपली. डोळ्यांवर सावली पडली म्हणून वर पाहिलं, तर डोक्यामागे धाकटीच येऊन उभी राहिलेली. उलटा दिसणारा तो चेहरा, आणि दांडीखाली धरलेले दोन पंजे, जराही न टेकलेले.

थोरलीनं दांडी खाली घेतली. छातीला टेकली. ढकलली. वीतभर वर आली आणि अडली. तिची दांडी थबकून पुन्हा जाणाऱ्यांतली नव्हती, अडली की अडली.  दांडी परत छातीवर आली आणि जड होत होत श्वासावर बसली. धाकटीचे पंजे तिथंच होते, बोटभर अंतरावर. ते हलले नाहीत. हलायचेही नव्हते, कारण ते वजन अजून थोरलीच्या नावावर होतं. आता मागायला हवं होतं. या बाईकडे, आणि त्याच एका शब्दानं, जो ऐकूनही मघाशी तिनं स्वतः हात पाठीमागे नेले होते.

आता ही हात मागे नेणार, तिला वाटलं. न्यायलाच हवेत. मी तिच्या जागी असते तर नेले असते.

"घे," थोरली म्हणाली. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले.

तो शब्द पुरता म्हणूनही झाला नव्हता, तोवर धाकटीनं दांडी उचललीसुद्धा.

थोरली तशीच पडून राहिली. छाती मोकळी झाली होती, श्वास आत येत होता, आणि डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं. मेली यातही माझ्या पुढे गेली, ती मनाशी म्हणाली, आणि इतकी जळाली, इतकी जळाली, की तशी ती उभ्या जन्मात कधी जळाली नव्हती.