भिंतीवरचे उलटे ग्रह

दिवाळी सरली आणि पेणच्या एका गणपतीच्या कारखान्याबाहेर माणसांची रीघ लागली. मूर्ती विकून रिकामी झालेली शेड नवग्रहबाबांनी भाड्यानं घेतली होती. आत पांढऱ्या भिंतीवर म्हणे माणसाचे ग्रह दिसत! नागोठण्याहून, पार रोह्याहून लोक येत आणि डोळे विस्फारून परत जात. आभाळ भरून आलं की मात्र बाबांचं मौन असे.

त्या रांगेत सगुणा फणफणत उभी होती. मुंबईला पदार्थविज्ञान आणि खगोलशास्त्रात एम.एस्सी. करणारी कासू गावची ही पहिलीच पोरगी. सुट्टी संपली होती, उद्या परत जायचं होतं. पण बाबांना विचारल्याशिवाय तिला पाठवायचं नाही, असं हौसाआत्यानं तिच्या वडिलांच्या, पुंडलिकच्या, डोक्यात भरवलं होतं. पुंडलिक लेकीवर जीव टाकायचा, पण बहिणीपुढे त्याचं काही चालत नसे. बाबा नको म्हणाले की शिक्षण संपलं, हे सगुणाला पक्कं ठाऊक होतं.

शेडमध्ये मिट्ट काळोख. खिडक्यांना गोणपाटं ठोकलेली. बाबांनी आत्याकडून पोरीची माहिती ऐकून घेतली आणि सगळ्यांना डोळे मिटून बराच वेळ जप करायला लावला.

"आता उघडा!"

भिंतीवर चक्क रंगीत माणसं चालत होती. डोकं खाली, पाय वर. एक सायकलवाला तर आढ्याला लटकत निघून गेला.

"बघा, माणसांच्या रूपातले ग्रह! पोरीचे ग्रह उलटे फिरले!" बाबा गरजले. "ही दुर्बिणीतनं त्यांना टक लावून बघते. बिचाऱ्या शनीला हिची दृष्ट लागलीय!"

सगुणाला हसू आवरेना. "शनीला दृष्ट? मग मीठमोहऱ्या त्याच्या कड्यांवरनं ओवाळायच्या का?"

"गप गो!" आत्या खेकसली.

"कॉलेज बंद करा, शांती घाला, ग्रह सुलटे होतील. हा घ्या देवाचा कौल!" बाबांनी घंटा वाजवली आणि भिंतीवर प्रत्यक्ष गणपती अवतरला. सरळ, मुकुट वर! शेडभर 'मोरया' घुमलं.

पुंडलिकचे हात आपोआप जुळले. "सगुणा, ऱ्हाऊ दे गो ते कॉलेज," तो रडवेल्या आवाजात म्हणाला.

सगुणाचं हसू मावळलं. सगळी दुनिया उलटी आणि बाप्पा तेवढा सरळ? तिनं भिंतीकडे पाठ फिरवली. समोरच्या पत्र्यात खिळ्याएवढं भोक होतं, आणि त्यातून उजेड येत होता.

"भोवळ येतेय," म्हणत ती बाहेर पळाली.

भर उन्हात, त्या भोकासमोर, बाबांचा चेला केरू घामाघूम उभा होता. हातात न रंगवलेला गणपती, मुकुट खाली, पाट वर!

"हे काय रे?"

"घंटा वाजली का उलटा धरायचा, असं सांगितलंय ताई," केरू ओशाळून म्हणाला.

सगुणाला आनंदानं नाचावंसं वाटलं. "बाप्पाला नीट धर. आता माझी पाळी!"

तिनं ओढणी कमरेला खोचली आणि शाळेत करायची तशी हातांवर उभी राहिली. आत एकच गलका उठला.

"सगुणा दिसतेय! सरळ दिसतेय!"

"सुलटे झाले गो ग्रह!" हौसाआत्या किंचाळली. "शांती न घालताच!"

पुंडलिक धावत बाहेर आला. लेकीचे पाय आभाळात! "अगो, हे काय?"

"ग्रह सुलटे करतेय, आप्पा!"

मागोमाग सगळी शेड रिकामी झाली. घाबरलेल्या केरूनं देव कसा धरला होता ते करून दाखवलं. पेणचा माणूस एक वेळ फसवणूक सोसेल, पण डोकं खाली करून धरलेली मूर्ती? लोक बाह्या सारून आत वळले, तोवर बाबा मागच्या खिडकीचं गोणपाट उचकटून पसार झाले होते.

सगुणानं ते गोणपाट परत ठोकायला लावलं, लोकांना आत बसवलं आणि बाहेरून भोकावर अंगठा ठेवला. ग्रह गेले. अंगठा काढला. ग्रह आले.

"उजेड सरळ रेषेत जातो," आत येऊन ती म्हणाली. "वरून आलेला किरण भोकातून खाली उतरतो, खालचा वर चढतो. म्हणून चित्र उलटं. जप होता काळोखाला डोळे सरावावेत म्हणून. आणि आभाळ भरून आलं की बाबांचं मौन का असायचं, कळलं?"

"मंग तुझ्या दुर्बिणीत तरी सरळ दिसतं व्हय?" आत्या फुरंगटून म्हणाली.

"नाय आत्या! आमच्या दुर्बिणीत चंद्रसुद्धा उलटा दिसतो. पण आम्ही त्याची शांती घालत नाय, तो तसा का दिसतो ते शोधतो. तुम्हीपण तेवढंच करा. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी बाहेर जाऊन बघून या."

पुंडलिकनं डोळे पुसले आणि बहिणीकडे वळला.

"हौसे, पोरगी उद्या जातेय. तिचा डबा तू करायचा."